टँकरच्या पाण्याची ठिणगी

९ मे
गल्लीतल्या पेंटरकडून रंगाचे चार रिकामे डबे आणले. दोघांचे तळ कापून कडी केली. वर बादली, तिच्यातून सलाईनच्या दोन नळ्या. पाण्याची बारीक धार कड्यातून खालच्या डब्यात. डावं कडं उजव्या डब्याला तारेनं जोडलं, उजवं डाव्याला. सगळी गंमत या उलट्या जोडणीत. लॉर्ड केल्विननं १८६७ मध्ये मांडलेली.
आई म्हणाली, “टँकरच्या पाण्याचा असला खेळ व्हय रे?” तेच पाणी परत बादलीत जाणार, असं सांगितलं. तरी ती ओट्यावरून हलली नाही.

१० मे
ठिणगी नाही. डबे लाकडी फळीवर होते, वीज फळीतून झिरपत असणार. थर्माकोल लावायला हवा.

१३ मे
उडाली! डब्यांच्या तारांत मिलिमीटरभर फट ठेवली होती, तिथं टिच्च. म्हणजे तीन-चार हजार व्होल्ट, आणि घरात लाईट नव्हती. पुतणीनं विचारलं, “काका, मग वीज आली कुठून?” पडणाऱ्या पाण्यातून. एका डब्यावर योगायोगानं जरासा ऋण भार असतो. त्याला जोडलेलं कडं आपल्यातून जाणाऱ्या थेंबांवर धन भार आणतं, ते दुसऱ्या डब्यात साठतात, त्याचं कडं पहिल्या बाजूच्या थेंबांना आणखी ऋण करतं. चक्रवाढ व्याजच.
पण ठिणगीपेक्षा त्याआधीचे दोन-तीन सेकंद बघण्यासारखे. सरळ पडणारी धार कड्याखाली फिसकटते, थेंब छत्रीसारखे बाहेर फाकतात. डबा त्यांना ढकलतो, कडं ओढतं. एक थेंब तर डब्यात पडता पडता वळला आणि वर जाऊन कड्याला चिकटला. ठिणगी पडली की सगळे पुन्हा मुकाट सरळ.

१७ मे
थेंबावर किती भार मावतो? पृष्ठताण थेंबाला गोळा धरून ठेवतो, भार त्याला फाडायला बघतो. ही मर्यादा रॅलेनं १८८२ मध्ये काढली. आमच्या भूम गावच्या माणसाला ती खव्यावरून कळावी: आटवताना पाणी उडतं, बाकी कढईत राहतं. तसं थेंबातलं पाणी उडतं, भार मात्र राहतो. थेंब लहान होत होत शेवटी फुटतो. असे थेंब फोडून मोठाले रेणू अलगद तोलायची युक्ती जॉन फेन यांनी काढली, त्याबद्दल २००२ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. कढईला कुणी नोबेल देत नाही म्हणा.

२४ मे
बालाघाटावर दुपारी ढग जमले, गडगडले, गेले. त्या ढगात माझ्या डब्यांचाच प्रकार मोठ्या मापानं चालतो का? भार साठण्याची रीत तिथं निराळी, बर्फाच्या कणांच्या टकरीची. पण थेंबाची ओढाताण तीच. पुण्यात पाषाणच्या हवामानशास्त्र संस्थेत, आयआयटीएममध्ये, काम्रा आणि भालवणकर यांनी उभ्या बोगद्यात खालून वारा सोडून थेंब अधांतरी तरंगवले, भोवती विद्युत क्षेत्र लावलं. २००७ चा त्यांचा निबंध आहे. पडणारा थेंब वाऱ्यानं मुळातच चपटा असतो. क्षेत्र उभं असलं तर तो चपटेपणा कमी होतो, आडवं असलं तर थेंब आणखी आडवा ताणतो. पाऊस म्हणजे टपोरे गोल थेंब, हे चित्र मी वीस वर्षं फळ्यावर काढतोय.

९ जून
मृगाची भुरभुर. पुतणीच्या मैत्रिणी ठिणगी बघायला आल्या आणि डबे गप्प. थर्माकोल पुसला, तारा पुसल्या, काही नाही. हवा ओली झाली की थर्माकोलवर ओलाव्याचा पापुद्रा धरतो आणि साठायच्या आधीच भार निसटतो. मुली हिरमुसल्या.
संध्याकाळी बघतो तर आईनं दोन्ही डबे वळचणीखाली लावलेले. “हे दोन बिनबुडाचे कशाला आणलेस?” म्हणाली.