बाण कोणाचा

1943 च्या सुमारास माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहणाऱ्या, शाळेचं तोंडही धड न पाहिलेल्या एका तरुणाने स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. अण्णा भाऊ साठे तेव्हा तेवीसेक वर्षांचे होते. व्होल्गा नदी त्यांनी पाहिलेली नव्हती. रशियाला ते गेले ते पुढे 1961 साली. तरीही वाटेगावातून मुंबईत आलेल्या या माणसाने हजारो मैलांवरच्या वेढ्यात सापडलेल्या शहराची लढाई डफावर घेतली आणि गिरणगावातल्या कामगारांनी ती मान डोलावत ऐकली. ‘त्यांचं युद्ध, आपला काय संबंध?’ हा प्रश्न त्या श्रोत्यांपैकी कोणाला पडला असेलही, पण शाहिराला पडला नव्हता. कोणी कोणावर चाल करून आलं आहे, एवढं त्याला कळलं होतं आणि बाजू घ्यायला तेवढं पुरेसं होतं. आणखी एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. त्या लाल सैन्यात लाखो युक्रेनियन होते. तो पोवाडा त्यांचाही आहे.

24 फेब्रुवारी 2022 ला रशिया युक्रेनवर चाल करून आला. त्यानंतर आपल्याकडे असा पोवाडा कोणी रचल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. आपण चर्चा केली. नाटो किती पुढे सरकलं, रशियाचं तेल किती स्वस्त मिळतंय, संयुक्त राष्ट्रांत भारत तटस्थ राहिला ते बरं की वाईट. ऑपरेशन गंगाची विमानं तिथे शिकणाऱ्या आपल्या मुलांना घेऊन परतली आणि घराघरांतून सुटकेचा निःश्वास सुटला. तो खराच होता. आमच्या शेजारच्या इमारतीतला एक मुलगा खार्किवला डॉक्टरकी शिकत होता. तो आधी मेट्रोच्या स्टेशनात आणि मग उभ्याने गर्दीच्या रेल्वेत दिवस काढून परतला. त्याला भेटायला येणारा प्रत्येक जण फीचं काय झालं, डिग्री कुठून पूर्ण करणार, हेच विचारत होता. तो उत्तरं द्यायचा. मध्येच एकदा म्हणाला, “आमच्या हॉस्टेलच्या आजी फोन उचलत नाहीयेत.” निघताना त्या बाईंनी त्याच्या पाठपिशवीत सफरचंदं आणि मीठ लावलेल्या काकड्यांची बरणी कोंबली होती. बरणी कुठेतरी सीमेवरच्या गर्दीत फुटली. त्याचं ते वाक्य कोणी पुढे नेलं नाही. मीही नेलं नाही, कारण त्यावर बोलायचं काय, ते मला सुचेना.

युक्रेनियन कविता मी वाचायला लागलो ती या न सुचण्यामुळे. वाचली अर्थात इंग्रजीतून. सुरुवातीलाच एक धक्का बसला. ‘वर्ड्स फॉर वॉर’ नावाचं युक्रेनियन युद्धकवितांचं जाडजूड संकलन हाती आलं, त्यावर साल होतं 2017. आपल्या टीव्हीवर युद्ध सुरू व्हायच्या पाच वर्षं आधी या लोकांकडे युद्धकवितेचा असा ग्रंथ तयार होता. डोनबासमध्ये 2014 पासून माणसं मरत होती, गावं ओस पडत होती आणि आपल्याला ते ‘पूर्व युक्रेनमधील तणाव’ या मथळ्याखाली कधीमधी पान दहावर दिसत होतं. ल्युबा याकिमचुक ही लुहान्स्क भागातल्या पेर्वोमाइस्कची, कोळसाखाणींच्या मुलुखातली कवयित्री. तिचा ‘डोनबासची जर्दाळू’ हा संग्रह 2015 चा. तिच्या एका कवितेत शहरांची नावंच तुटून पडतात, अक्षरं इकडे, अक्षरं तिकडे. ती वाचल्यावर नकाशावरचा तो पट्टा मला पुन्हा कधी नुसता ‘वादग्रस्त प्रदेश’ वाटला नाही. तिथे जर्दाळूची झाडं आहेत, हे आता मला ठाऊक आहे.

एका माणसाबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. खरं तर दोन.

व्होलोदिमिर वाकुलेन्को मुलांसाठी लिहायचा, कविताही करायचा. खार्किव प्रांतात इझ्यूम शहराजवळ कापितोलिवका नावाचं त्याचं खेडं. मार्च 2022 मध्ये गाव रशियन सैन्याच्या ताब्यात गेलं. त्या दिवसांत तो हाताने डायरी लिहीत राहिला. शेजारी कोण गद्दार निघतंय, भाकरी कुठून येतेय, मन कसं गोठत चाललंय. शेवटच्या नोंदीत आकाशातून जाणारे क्रौंच पक्षी आहेत. आपल्याला उचलणार याची चाहूल लागल्यावर त्याने ती डायरी वडिलांच्या बागेत चेरीच्या झाडाखाली पुरली आणि आपली माणसं परत आली की त्यांच्या हाती दे, असं वडिलांना सांगून ठेवलं. दुसऱ्याच दिवशी त्याला नेलं. सप्टेंबरात इझ्यूम मुक्त झालं आणि तिथल्या पाइनच्या जंगलात शेकडो थडगी सापडली. नावं फारशी नव्हती, लाकडी क्रुसांवर आकडे होते. वाकुलेन्कोचा आकडा 319.

डायरी उकरायला आली ती व्हिक्टोरिया आमेलिना. ल्विवची कादंबरीकार. युद्ध सुरू झाल्यावर तिने कादंबरी बाजूला ठेवली आणि युद्धगुन्ह्यांची नोंद करायचं प्रशिक्षण घेतलं. खेड्यापाड्यांत जाऊन साक्षी लिहून घ्यायची. वाकुलेन्कोच्या म्हाताऱ्या वडिलांना जागा नीटशी आठवत नव्हती. दोघांनी खणलं, माती उपसली, काही मिळेना. अखेर गुंडाळून ठेवलेली ती कागदांची वळकटी तिच्याच हाती लागली. 1930 च्या दशकात स्टालिनच्या राजवटीने युक्रेनियन लेखकांची एक अख्खी पिढी संपवली. खार्किवमध्ये लेखकांसाठी बांधलेल्या ‘स्लोवो’ या इमारतीतले कित्येक रहिवासी तुरुंगात गेले. मिकोला झेरोव्ह, लेस कुर्बास, वालेरियान पिदमोहिल्नी यांना 1937 च्या नोव्हेंबरात सान्दारमोखच्या जंगलात गोळ्या घातल्या. त्यांची किती हस्तलिखितं गेली, याला हिशेब नाही. पुन्हा तेच होणार का, ही धास्ती आमेलिनाने लिहून ठेवली आहे. कोणाच्या बागेतली माती ती इतक्या चिकाटीने का उपसत होती, हे त्या धास्तीवरून कळतं.

डायरीचं पुस्तक झालं. जून 2023 मध्ये कीवच्या पुस्तकमेळ्यात तिने ते लोकांसमोर आणलं. त्यानंतर काही दिवसांनी, 27 जूनला, क्रामातोर्स्कमधल्या पिझ्झाच्या हॉटेलात ती कोलंबियाहून आलेल्या लेखक-पत्रकारांबरोबर जेवायला बसली होती. त्यावर रशियाचं क्षेपणास्त्र पडलं. 1 जुलैला ती गेली. वय 37.

ही बाई गद्य लिहिणारी. युद्धात तिच्या हातून कविता उतरू लागल्या. आखूड, विरामचिन्हं गळालेल्या, काहीशा तुटक. त्याचं कारण तिनेच सांगितलं होतं, की अशा दिवसांत लांब, जोडलेली वाक्यं जमत नाहीत. काव्यप्रांतात नव्याने आलेल्या कोणाच्याही लिखाणात हौस दिसते, तिच्या लिखाणात ती औषधालाही नाही. साक्ष लिहून घेणाऱ्या बाईची वही आणि कवयित्रीची वही यांत फारसा फरक उरला नव्हता. मला तिच्या कविता सुंदर वाटत नाहीत. त्या खऱ्या वाटतात, आणि त्या पुरावा म्हणून दाखल करता येतील असं वाटतं.

कवितेने युद्ध समजतं, हे म्हणायला सोपं आहे. युक्रेनचे कवीच त्यावर चटकन विश्वास ठेवत नाहीत. ल्विवची कवयित्री हालिना क्रुक जून 2022 मध्ये बर्लिनच्या काव्य महोत्सवात बोलायला उभी राहिली आणि तिने यजमानांची पंचाईत केली. रणगाड्यासमोर रूपक कामाचं नाही, कविता कोणाला मारू शकत नाही याचं मला वाईट वाटतं, असं तिने सांगून टाकलं. शांततेच्या गोड कवितांची अपेक्षा धरून बसलेल्यांना ते रुचलं नसेल. पण मारिउपोलचं नाट्यगृह आठवा. आत शेकडो माणसं आसऱ्याला होती. इमारतीच्या पुढे आणि मागे जमिनीवर रशियन भाषेत ‘मुलं’ हा शब्द एवढ्या मोठ्या अक्षरांत रंगवला होता की तो उपग्रहाच्या छायाचित्रांत वाचता येत होता. 16 मार्च 2022 ला तिथे बॉम्ब पडला. ज्यांच्यासाठी तो शब्द लिहिला होता, त्यांच्याच भाषेत लिहिला होता. हे पाहिलेल्या माणसाने शब्दांच्या सामर्थ्यावर भाषण देऊ नये, हे बरोबरच आहे.

शिवाय कविता काही जात्याच निर्मळ नसते. 1830 च्या पोलिश उठावाच्या वेळी पुश्किनने 1831 साली एक कविता लिहून युरोपला बजावलं होतं, की हे स्लावांचं घरातलं भांडण आहे, तुम्ही मध्ये पडू नका. ‘त्यांचा घरगुती मामला’ हे आज आपल्याकडच्या चर्चेत ऐकू येणारं वाक्य तिथे छंदात बसवलेलं सापडतं. जोसेफ ब्रॉडस्की हा तर सोव्हिएत सत्तेने छळलेला कवी, 1987 चा नोबेल विजेता. युक्रेन स्वतंत्र झाल्यावर त्याने एक जहरी कविता लिहिली. मरतेवेळी तुम्हाला तुमचा तारास आठवणार नाही, पुश्किनच्याच ओळी ओठांवर येतील, अशा अर्थाचा टोमणा तिच्या शेवटी आहे. पुस्तकात त्याने ती घेतली नाही, पण जाहीर सभेत वाचली. हा तारास म्हणजे तारास शेवचेन्को. भूदासाच्या पोटी जन्मलेला. 1838 मध्ये रशियन चित्रकारांनी आणि कवींनीच खटपट करून त्याला विकत घेऊन मुक्त केलं, हेही सांगायला हवं. 1847 मध्ये झारने त्याला फौजेत हद्दपार केलं आणि लिहायला-चितारायला बंदी घातली. तो चिमुकल्या वह्या शिवून बुटात लपवून लिहीत राहिला. पुढे 1876 च्या फर्मानाने युक्रेनियन भाषेतली छपाईच जवळजवळ बंद केली. अशा भाषेतल्या कवीला कोण कशाला आठवेल, हे विचारणाऱ्याने ती भाषा कोणी दाबली तेही विचारायला हवं होतं. ब्रॉडस्कीसारख्याला ते सुचलं नाही.

याचा आपल्यालाही चटका बसतो. माझ्या पिढीच्या मराठी वाचकांचं बालपण रशियन पुस्तकांनी समृद्ध केलं. गुळगुळीत कागद, सुरेख चित्रं, अनिल हवालदारांचे ओघवते मराठी अनुवाद आणि किंमत खिशाला परवडणारी. ते ऋण मी नाकारत नाही, ती पुस्तकं अजून माझ्या कपाटात आहेत. पण त्या कपाटात गोगोल ‘रशियन’ म्हणूनच आला. त्याचा जन्म युक्रेनमधल्या सोरोचिंत्सीचा, हे मला पन्नाशी गाठेपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. सगळी खिडकी मॉस्कोच्या दिशेने उघडत होती. स्टालिनग्राडच्या पोवाड्यातली कळकळ आपण मॉस्कोच्या नावावर जमा करून मोकळे झालो आणि 2022 मध्ये तीच कळकळ कोणाकडे वळायला हवी, तिथे आपली गडबड झाली.

आपल्याकडची पहिली कविता कशी जन्मली, ती गोष्ट लहानपणीच ऐकलेली असते. तमसेच्या काठी क्रौंचाची जोडी, निषादाचा बाण आणि वाल्मीकींच्या तोंडून निघालेला श्लोक. शोकाचा श्लोक झाला, एवढंच आपण सांगत आलो. त्या श्लोकाचा मजकूर काय आहे, त्याकडे मात्र लक्ष जात नाही. तो विलाप नाही, शाप आहे. आदिकवी पक्ष्यावर रडत बसला नाही. त्याने बाण मारणाऱ्याला उद्देशून बोलायला सुरुवात केली. दोन्ही बाजूंचं ऐकून घेऊ, निषादालाही पोट आहे, जंगलाचं राजकारण गुंतागुंतीचं आहे, असा समतोल त्याने साधला नाही. कवितेने राजकारणापासून चार हात दूर राहावं, असं आज व्याख्यानांतून ऐकतो तेव्हा ही तमसेकाठची घटना मला फार ताजी वाटते.

निषादाचं नाव घेतलं म्हणजे निषादाच्या सगळ्या गावाचा द्वेष केला असं होत नाही. युद्धाविरुद्ध बोलून तुरुंगात गेलेले रशियनही आहेतच. पण सहभावना म्हणजे सगळ्यांना सारखी वाटायची खिरापत नव्हे.

मॅक्सिम क्रिव्त्सोव्ह हा सैनिक कवी. 2023 मध्ये त्याचा ‘तटाच्या झरोक्यातल्या कविता’ अशा अर्थाच्या नावाचा संग्रह निघाला. खंदकात त्याच्याजवळ एक नारिंगी मांजर असायचं. जानेवारी 2024 च्या सुरुवातीला त्याने फेसबुकवर एक कविता टाकली. तीत स्वतःच्या विखुरलेल्या देहाचं वर्णन आहे आणि शेवटी फुललेली व्हायलेटची फुलं आहेत. 7 जानेवारीला तो मारला गेला. मांजरही. ती कविता मी वाचली तेव्हा तो जाऊन काही आठवडे झाले होते. वाचून मी काय केलं? काही नाही. दुसऱ्या दिवशी बँकेत जायचं होतं, गेलो. पण त्यानंतर आमच्या कट्ट्यावर कोणी “युक्रेनने मुकाट्याने जमीन देऊन टाकावी आणि मिटवावं” असं म्हणालं, की मी विचारतो, “कोणती? कापितोलिवका द्यायची की पेर्वोमाइस्क?” लोक वैतागतात. वैतागू देत.

इल्या कामिन्स्की हा ओडेसात जन्मलेला, अमेरिकेत राहणारा कवी. युद्धाच्या पहिल्या महिन्यात त्याने ओडेसातल्या एका वडीलधाऱ्या मित्राला विचारलं, मी काय मदत करू? त्या मित्राने उत्तर दिलं की पुतिन येतात नि जातात, मदत करायची असेल तर कविता आणि निबंध पाठव, आम्ही साहित्यिक नियतकालिक काढतोय.

दरवर्षी शेकडो दिवाळी अंक काढणाऱ्या भाषेला ही मागणी समजायला कठीण जाऊ नये. संपादकांना माझी विनंती आहे, यंदा एक विभाग युक्रेनियन कवितेला द्या. मूळ भाषा जाणणारा कोणी मिळाला तर उत्तम. तिथे पाच-सहा वर्षं राहून आलेली आपली डॉक्टर मुलं गावोगाव आहेत, त्यांना हाताशी घ्या. कवींशी पत्रव्यवहार करून रीतसर परवानगी घ्या, मानधन द्या. आणि अंक निघाला की एक प्रत खार्किवला पाठवा. टपाल तिथे अजून पोचतं.