गोदाकाठच्या नावांसाठी

मुदखेड जंक्शन, रात्र

ती. ताईस सा. न.

आईच्या गुडघ्याचं कळलं; तिला जिना चढू देऊ नकोस. सचखंड गुरुद्वारा झाला. आदिलाबादच्या गाडीला अवकाश आहे, म्हणून तुझ्या हरकतीचं उत्तर लिहिते.

मराठवाड्यात नावांचं संग्रहालय कशाला, इथे नौकानयन होतं कुठे, असं तू विचारतेस. इंग्रजांनी १८६०च्या दशकात गोदावरीतून वऱ्हाडचा कापूस समुद्राकडे न्यायचा घाट घातला, तोही प्राणहितेच्या वाटेने. नांदेडकडे तो फिरकलाच नाही, आणि १८७१मध्ये ते काम सोडूनच दिलं. पण म्हणून इथे नावेचा वारसा नव्हता असं ठरत नाही. इथली नाव ऐलतीरावरून पैलतीरावर चालली. शेत एका काठाला, सोयरे आणि बाजार दुसऱ्या. पावसाळ्यात उतार बुडाला की सगळी भिस्त कोळ्या-भोयांवर. बलुत्यात कोळ्याचा वाटा उगीच नव्हता. लाकडी नाव नसेल तिथे वाळक्या भोपळ्यांची सांगड, नाहीतर गूळ करायची काहील. काहिलीला नाळ नाही, सुकाणू नाही. पसरट तळामुळे ती तरते, पण वल्ह्याचा जोर एका अंगाला पडला की गरगर फिरते. माणसं समोरासमोर, वजन जोखून बसवावी लागतात. हे कसब टिपून ठेवण्याजोगं नाही का?

पूल झाले, आता काय त्याचं, असंही तू म्हणशील. पण जायकवाडीच्या फुगवट्यातून भिवधानोऱ्याची मुलं थर्माकोलवर बसून शाळेत जात होती, ही बातमी २०२३ची. पूल आधी हवा, यात वाद नाहीच. मात्र पूल झाला की काहील भंगारात जाते आणि धार ओळखणारा म्हातारा गप्प होतो. नदीही पूर्वीची राहिली नाही: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालाप्रमाणे बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे, एरवी पाणी अडलेलं. जुनी धार वाचणारे आहेत तोवरच विचारून घ्यायला हवं. जागेची अडचण मला मोठी वाटत नाही. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिसच्या मठात पुरातत्त्व खात्याने १९६४मध्ये संग्रहालय मांडलं. इथे काठावरचा एखादा दुरुस्त केलेला वाडाही पुरेल. आधी काहिली, वल्ही आणि माणसांची बोलणी जमवावीत, इमारत मागाहून बघता येईल.

गाडीची घोषणा झाली. आईला तेल रात्रीच चोळ. उरलेलं किनवटहून लिहीन.

तुझी धाकटी