कॉफी हाऊसातील खुर्ची

माणसाच्या जिभेला मोठी स्मरणशक्ती असते. देवळातल्या समाराधनेचे सार, आजोळच्या अंगणात खाल्लेला फणस, जत्रेतली बऱ्हाणपुरी मावा-जिलेबी यांच्या आठवणी काढणारे गृहस्थ पुष्कळ भेटतात आणि त्यांचे कौतुकही होते. परंतु एखाद्या उपाहारगृहाच्या आठवणीने कोणी हळवा झाला, तर आपली मंडळी त्याच्याकडे जरा संशयाने पाहतात. घरच्या अन्नाला मुकलेला किंवा चैनीला सोकावलेला, यांपैकी एका सदरात त्याची नोंद होते. हा धोका पत्करून मी आज इंडियन कॉफी हाऊसविषयी लिहिणार आहे.

मी मूळचा धूलकोटचा. बऱ्हाणपूर जिल्ह्यातले, सातपुड्याच्या कुशीतले हे गाव. बाजाराच्या दिवशी येथे निमाडी, हिंदी, मराठी आणि बारेला लोकांची बोली एकाच तराजूभोवती ऐकू येतात. या मुलखात राज्य चहाचे. आमच्या घरी कॉफी असे, ती औषधासारखी. दुधात उकळून, साखर आणि जायफळ घालून केलेली, एकादशीला किंवा ताप उतरल्यावर मिळणारी. तिच्या गोडव्याखाली कॉफीची स्वतःची चव काय असते, हे मला विसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. ते जबलपुरास ठाऊक झाले.

जबलपूरच का, ते सांगावयास हवे. मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय जबलपुरास आहे. त्याची खंडपीठे इंदूर व ग्वाल्हेर येथेही आहेत आणि इंदूर आम्हांला कितीतरी जवळचे. तथापि बऱ्हाणपूरची अपिले जातात ती जबलपुरासच. आमचा जिल्हा २००३ साली स्वतंत्र झाला, पण तो निघाला पूर्व निमाडातून, आणि पूर्व निमाड हा मुख्य पीठाच्या कक्षेतला. म्हणून आमच्याकडच्या वकिलाने रात्री बऱ्हाणपुरास गाडीत बसावे, खंडवा, इटारसी, पिपरिया, नरसिंहपूर ही स्थानके अर्धवट झोपेत ओलांडावीत आणि डोळे चोळीत जबलपुरास उतरावे, असा परिपाठ पडून गेला होता. माझे कायद्याचे शिक्षणही त्याच शहरात झाले. त्यामुळे कॉफी हाऊसशी माझा संबंध आधी विद्यार्थी म्हणून आला आणि पुढे वकील म्हणून दृढ झाला.

त्या जागेत पाहण्यासारखे काही नव्हते. साधी टेबले, साध्या खुर्च्या, वर गरगरणारे पंखे आणि जाड कडांचे पांढरे कप. डौल होता तो वाढप्यांचा. शुभ्र पोशाख, कमरेला रुंद पट्टा आणि डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला फेटा. त्यांतले कित्येक केरळातून आलेले. हिंदी बोलताना ते शब्दांना मल्याळी वळण देत आणि ते कानांना गोड लागे. एक कप कॉफी मागवावी आणि दोन तास बसावे, तरी ‘आता उठा’ असे कोणाच्या नजरेतही दिसत नसे. संपत्ती हस्तांतरणाच्या कायद्याची कलमे मी ग्रंथालयात वाचली खरी. ती मला समजली मात्र त्या टेबलाशी, मित्रांशी हुज्जत घालताना. पुढे कामानिमित्त भोपाळला, रायपूरला गेलो, तेव्हा तेथेही तोच फेटा, तोच कप आणि तीच किंचित कडवट चव भेटली. परक्या शहरात ओळखीचे माणूस भेटावे, तसा आनंद त्या पाटीने मला अनेकदा दिला आहे.

या संस्थेचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १९३०नंतरच्या जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळले आणि मळेवाले हवालदिल झाले. तेव्हा देशातच कॉफी पिणारे लोक तयार करावेत, असा विचार पुढे आला. १९३५ साली कायदा करून कॉफीवर उपकर बसवण्यात आला आणि १९३६ साली मुंबईस चर्चगेट येथे पहिले ‘इंडिया कॉफी हाऊस’ उघडले. पुढे हा कारभार कॉफी बोर्डाकडे आला आणि अनेक शहरांत शाखा निघाल्या. परंतु १९५५च्या सुमारास बोर्डाने ही कॉफी हाऊसे बंद करण्याचे ठरवले आणि शेकडो कामगारांच्या पोटावर पाय येऊ लागला. त्या वेळी ए. के. गोपालन यांनी कामगारांना सल्ला दिला, की तुम्हीच सहकारी संस्था काढा आणि तुम्हीच कॉफी हाऊसे चालवा. पहिली संस्था १९ ऑगस्ट १९५७ रोजी बंगळुरास स्थापन झाली आणि त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला दिल्लीत कामगारांचे पहिले कॉफी हाऊस सुरू झाले. ‘इंडिया’चे ‘इंडियन’ झाले ते असे. नावातला फरक एका अक्षराचा, पण काल कपबशा उचलणारा मनुष्य आज सभासद म्हणून भागीदार झाला होता. जबलपुरासही अशीच सोसायटी उभी राहिली आणि तिच्या शाखा मध्य प्रदेश व छत्तीसगडभर पसरल्या.

हे सारे मला पुस्तकी माहिती म्हणून ठाऊक होते. त्याचा अर्थ मला एका पक्षकाराने शिकवला.

२०१२ सालच्या हिवाळ्यातील गोष्ट. धूलकोटच्या बाजूचा एक वृद्ध बारेला शेतकरी, शेताच्या हद्दीचा दावा, आणि त्याचे दुसरे अपील. अशा कामात पक्षकाराने हजर राहण्याची मुळीच गरज नसते. तसे मी त्याला दोनदा सांगितले. त्याचे उत्तर एकच, “जमीन माझी आहे साहेब, मी येणार.” आला. सकाळी गाडीतून उतरल्यावर मी त्याला सवयीप्रमाणे कॉफी हाऊसात घेऊन गेलो. मी आत शिरलो, खुर्चीवर बसलो आणि पाहतो तो म्हातारा दाराशीच उभा. वाढपी पुढे गेला, त्याने खुर्ची मागे ओढली आणि म्हणाला, “बैठिये साहब.” म्हाताऱ्याने मागे वळून पाहिले. ‘साहेब’ कोणाला म्हटले, ते त्याला कळेना. मागे कोणी नव्हते.

तो बसला, खुर्चीच्या अगदी कडेवर. मी घेतले तेच त्याने घेतले, डोसा आणि कॉफी. कॉफी त्याला आवडली नसावी, पण औषध घ्यावे तशी त्याने ती निमूटपणे संपवली. मग तो उठला आणि हातात रिकामा कप घेऊन इकडे तिकडे पाहू लागला. मला वाटले, त्याला आणखी काही हवे आहे. त्याने मला हळूच विचारले, “साहेब, हा धुवायचा कुठे?”

वाचकहो, माझ्या लहानपणी मी एक चहाची टपरी पाहिली आहे, जिच्या कुडाला काही फुलपात्रे खिळ्यांवर टांगलेली असत. ती कोणासाठी, हे सर्वांना ठाऊक असे. पिणाऱ्याने आपल्या हाताने खाली काढावीत, प्यावे, विसळावीत आणि पुन्हा खिळ्याला लावावीत. म्हाताऱ्याच्या त्या प्रश्नाने तो कूड एकदम माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. मी काही बोलण्यापूर्वीच वाढप्याने त्याच्या हातातला कप अलगद घेतला आणि म्हटले, “रहने दीजिये, ये हमारा काम है.” त्या वाढप्याला सातपुडा ठाऊक नव्हता, टपरीही ठाऊक नव्हती. पण त्याच्या बोलण्यात उपकाराचा लवलेश नव्हता. दहा वाजता आम्ही कोर्टात गेलो. अपिलाचे पुढे काय झाले ते येथे गौण आहे. परतीच्या गाडीत म्हातारा न्यायमूर्तींविषयी एक शब्द बोलला नाही. “त्यांनी कप घेतला,” एवढेच तो दोनदा म्हणाला.

आमच्या राज्यघटनेच्या १५व्या अनुच्छेदाचा दुसरा खंड आम्ही विद्यार्थिदशेत पाठ केला होता. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तळी, स्नानघाट यांपासून दूर ठेवता येणार नाही, असा त्याचा आशय. उपाहारगृह आणि तळे एकाच खंडात आले आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले हे जाणणाऱ्याला त्या शेजाराचे नवल वाटणार नाही. १९५५ सालच्या अस्पृश्यता गुन्हेविषयक अधिनियमाने, ज्याला १९७६पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, आणखी एक पाऊल टाकले. अस्पृश्यतेच्या नावाखाली कोणाला उपाहारगृहातील, धर्मशाळेतील भांडी वापरू न देणे हाही त्याने गुन्हा ठरवला. कायदा करणारांना कपाचे महत्त्व कळले होते. परंतु कायदा फार तर दार उघडू शकतो. आत आलेल्याची खुर्ची मागे ओढणे, हे कोणत्याही कलमात बसवता येत नाही.

या मासिकाचे पुष्कळ वाचक देवस्थानांशी निगडित आहेत, म्हणून एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. अन्नाला पूर्णब्रह्म मानणारी आपली परंपरा. तरीही पंगतीत कोणी कोठे बसावे, याचे नियम आपणच केले. पंढरपूरच्या विठोबाचे दार सर्वांना खुले व्हावे, म्हणून खानदेशात आयुष्य वेचलेल्या साने गुरुजींना मे १९४७मध्ये प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. त्या काळी रेल्वेच्या स्थानकांवर हिंदूंचे पाणी निराळे आणि मुसलमानांचे निराळे मिळत असे. जुन्या खाणावळींच्या आठवणी आपण आवडीने सांगतो, पण त्यांतल्या कित्येकांच्या दारावर अमुक जातीसाठीच अशी पाटी होती, हे सांगावयास विसरतो. ज्या पंगतीत आपल्याला अगत्याने वाढले गेले, तिच्या बाहेर त्या दिवशी कोण उभे होते, हे विचारल्याखेरीज कोणतीही अशी आठवण पुरी होत नाही, असे मला वाटते.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती कोंकणी वाचकांना माझ्याहून अधिक ठाऊक असेल. उडुपीच्या मठाच्या परिसरातली पाककला घेऊन निघालेली माणसे मुंबईस आली आणि त्यांनी देवळातले अन्न रस्त्यावर आणले. माटुंग्यास ए. रामा नायक यांनी १९४२ साली काढलेल्या उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंगात केळीच्या पानावर जेवून कितीतरी चाकरमान्यांनी शहरातले पहिले दिवस काढले. अशा ठिकाणी पैसे मोजणारा प्रत्येक जण एकाच पंगतीत बसे, आणि शेजारच्याचे आडनाव विचारण्याची सोय नसे. मुंबईच्या इराण्याच्या संगमरवरी टेबलानेही हेच केले. उपदेशाने जे काम रेंगाळले, त्यातले काही भुकेने आणि नाण्याने उरकले. अर्थात ज्याच्याजवळ नाणेच नव्हते, तो या दारांच्याही बाहेरच राहिला. कॉफी हाऊसही त्याला अपवाद नाही. तेथे आम्ही तासन् तास समतेवर बोलत असू, आणि आमच्या टेबलाशी स्त्रिया मात्र क्वचितच दिसत.

हे कॉफी हाऊस मला आता दुरावले आहे. ते बंद पडले असे नव्हे. जबलपूरच्या सोसायटीच्या शाखा चालू आहेत. दिल्लीचे कॅनॉट प्लेसमधील कॉफी हाऊस १९७६ साली आणीबाणीत पाडले गेले, तसेही काही येथे घडले नाही. घडले ते असे, की २०२०च्या महामारीनंतर उच्च न्यायालयात पडद्यावरून सुनावणी होऊ लागली. आज बऱ्हाणपुरातील माझ्या कचेरीत बसून, समोर संगणक ठेवून, मी जबलपूरच्या न्यायमूर्तींपुढे युक्तिवाद करू शकतो. पक्षकाराचे गाडीभाडे वाचते, त्याची मजुरी बुडत नाही, रात्रीचे जागरण टळते. या सुधारणेविरुद्ध तक्रार करील तो वकील आपल्या अशिलाचा हितचिंतक नव्हे. मीही करीत नाही.

परंतु हिशोब मांडायचा तर दोन्ही रकाने भरले पाहिजेत. पडद्यासमोर मी एकटा असतो. ज्याची जमीन, तो आपल्या गावी असतो. निकाल लागला की मी त्याला दूरध्वनीवरून कळवतो. न्याय पूर्वीइतकाच मिळतो, स्वस्तात मिळतो. मात्र त्या न्यायाच्या वाटेवर एका परक्या शहरात, एका अनोळखी माणसाने त्याच्यासाठी खुर्ची मागे ओढावी, हा योग आता त्याच्या वाट्याला येत नाही. निकालपत्रात त्याची नोंद कधीच होत नव्हती, म्हणून तो हरवल्याचीही नोंद होणार नाही.

तेव्हा जे काम ती खुर्ची करीत होती, ते आता जवळपासच कोणाला तरी करावे लागेल. बऱ्हाणपुरास माझ्या कचेरीत पूर्वी वकिलासाठी एक गादीची खुर्ची आणि पक्षकारांसाठी भिंतीलगत एक बाक होता. गेल्या वर्षी मी तो बाक काढला आणि सर्व खुर्च्या सारख्या घेतल्या. चहा आणणाऱ्या मुलाला सांगून ठेवले आहे, की सर्वांना सारखे कप द्यावयाचे आणि रिकामे कप आपणच उचलावयाचे. देवस्थानांच्या भोजनशाळा, संमेलनांचे मांडव, लग्नातल्या पंगती या तर माझ्या कचेरीहून कितीतरी मोठ्या जागा आहेत. तेथे दाराशी घुटमळणारा एखादा म्हातारा दिसला, तर आधी त्याला बसवावे. नाव-गाव मागाहून विचारता येते.