कापायचं नाही, बोल्टनं जोडायचं



उसाची भरणी उरकली आणि पावसानं दोन दिवस उघडीप दिलीय, म्हणून आज पिकाचं सोडून गाडीचं लिहितो. शेतातल्या फोटोत मागं आमची हिरवी पिकअप दिसली की लै जण विचारतात, कुठनं घेतली, किती खर्च आला, विकणार काय. एकदाच सगळं लिहून ठेवतो, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको.

गाडी महिंद्राची, १९८६ सालची. म्हणजे एमएच-०९ नंबर यायच्या आधीची. आमच्या अण्णांनी ती १९९२ साली शाहूपुरीतल्या एका गूळ व्यापाऱ्याकडनं जुनी घेतली. तेव्हा आमचं गुऱ्हाळ चालू होतं. शाहूपुरी ही पेठच मुळात गुळावर वाढली. शाहू महाराजांनी १८९५ साली ती वसवली, रेल्वे स्टेशन जवळ, त्यामुळं माल लगेच वॅगनीत. पुढं सौदे मार्केट यार्डात गेले, पण स्पेअर पार्टची दुकानं अजून शाहूपुरीतल्या गल्ल्यांत आहेत आणि तिथनं शिवाजी उद्यमनगर हाकेच्या अंतरावर. अण्णा सकाळी गुळाचे रवे यार्डात उतरवायचे आणि येताना गाडीला लागणारं सामान घेऊन यायचे. त्या गाडीवर दोन बहिणींची लग्नं झाली, विहिरीवरची मोटर बसली.

इंजिनाबद्दल थोडं सांगतो. महिंद्रानं १९४७ पासून अमेरिकेच्या विलीज जीपा इथं जोडायला सुरुवात केली. त्या जीपा पेट्रोलवरच्या. मग १९७९ साली फ्रान्सच्या प्युजो कंपनीशी करार झाला आणि एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन आलं. ४ म्हणजे चार सिलिंडर, ९० म्हणजे बोअर ९० मिलिमीटर, सगळं मिळून २११२ सीसी. थंडीत चावी फिरवली की आधी हीटर प्लग तापू द्यायचे, मग स्टार्टर मारायचा. घाई केली तर नुसता पांढरा धूर. पण या इंजिनात कॉम्प्युटर नाही. पाने, जॅक आणि जाणता माणूस असला की झाडाखाली उघडता येतं.

२०१२ ला अण्णा गेले, गुऱ्हाळ त्याच्या आधीच बंद पडलं होतं. गाडी शेडात उभी राहिली. माल न्यायला भाड्याचा टेम्पो सांगायचो, काही अडत नव्हतं.

ते अडलं ऑगस्ट २०१९ ला. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमचं गाव नदीकाठचं. जनावरं हलवायची म्हणून टेम्पोवाल्यांना फोन लावतोय, तर एकही गाडी मोकळी नाही. त्यांचा दोष नाही. महापुरात भाड्याची गाडी मिळत नाही, कारण ती सगळ्या गावाला एकाच रात्री लागते. आम्ही जनावरं दोरीला धरून चालवत माळावर नेली. एक गाभण म्हैस वाटेत बसली ती उठली नाही.

पाणी उतरलं तेव्हा पिकअप छतापर्यंत गाळानं माखलेली. भंगारवाला आला, ३५ हजार म्हणाला. पोरगं म्हणालं, "पप्पा, देऊन टाका." मी दोन दिवस विचार केला. ३५ हजारात म्हैस येत नाही, टेम्पो येत नाही, आणि पुढच्या पुरात परत फोनच करत बसायचं. गाडी करायची ठरवली.

इथं एक कामाची गोष्ट. पाण्यात बुडालेली गाडी, ट्रॅक्टर किंवा डिझेल पंप, कधीही लगेच चालू करून बघू नका. सिलिंडरात पाणी असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची वायर काढायची. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल तिन्हीचं ऑइल सोडायचं, डिझेलची टाकी रिकामी करायची, नोझल काढून मग हातानं इंजिन फिरवायचं. आमच्या गिअरबॉक्समधनं ऑइल निघालं ते चहासारखं, म्हणजे आत पाणी मिसळलेलं. ते तसंच राहिलं असतं तर बेअरिंग गंजून गेली असती.

उद्यमनगरातले एक जुने मिस्त्री आहेत, मी त्यांना मामा म्हणतो. सत्तरी ओलांडलीय. अण्णांच्या वेळेपासून या इंजिनावर त्यांचा हात. त्यांनी गाडी बघितली आणि म्हणाले, "इंजिन वाचलंय, बॉडीचं बघाय लागंल." आता पोराला पण चेव आला. त्यानं मोबाईलवर बघितलेलं सगळं बाहेर काढलं. चेसिस फूटभर कापून आखूड करायची, रुंद टायर टाकायचे, नव्या गाडीचं टर्बो इंजिन बसवायचं, रंग काळा मॅट. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कापाय अर्धा तास लागतोय रं पोरा. परत जोडाय जल्म जाईल."

त्या दिवशी नियम ठरला. कापायचं नाही. जे नवीन लावायचं ते नट-बोल्टनं लावायचं, उद्या नको वाटलं तर काढता आलं पाहिजे.

याला कायद्याची पण बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं बनवलेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनानं बदल करता येत नाही. दुसरं इंजिन बसवायचं तर आधी आरटीओची परवानगी लागते. चेसिस कापली तर फिटनेस विसराच. आणि माल वाहतुकीची गाडी ८ वर्षांच्या पुढं गेली की फिटनेस दरवर्षी करावं लागतं, वर पर्यावरण कर. लै जणांना वाटतं १५ वर्षं झाली की गाडी भंगारातच घालावी लागते. तशी सक्ती सरकारी गाड्यांना आहे, १ एप्रिल २०२३ पासून. आपल्याकडं खाजगी गाडीचं नुसतं वय बघत नाहीत, ती तपासणीत पास झाली पाहिजे. दिल्लीकडं डिझेलला १० वर्षांचा नियम निघाला, ती गोष्ट वेगळी.

काम चौदा महिने चाललं, मधे लॉकडाऊन. इंजिनाचं बोअर तपासून रिंगा, बेअरिंग, पॅकिंग सगळं नवीन. डिझेल पंप आणि नोझल शाहूपुरीत कॅलिब्रेशनला दिले. चारही चाकांचे व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर बदलले. कमान पाटे उतरवून दोन मोडलेले पान बदलले. अल्टरनेटरचं ओतीव ब्रॅकेट तुटलं होतं, ते कुठल्याच दुकानात मिळेना. मामांनी तुटकं जोडून त्यावरनं लाकडी पॅटर्न करून घेतला, एका फाउंड्रीत ओतून आणलं, लेथवर भोकं बरोबर केली. चार दिवसांत ब्रॅकेट तयार. हे कोल्हापुरातच होतं. बाबूराव पेंटरांनी इथंच लेथवर सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि त्यावर १९२० साली 'सैरंध्री' काढला, त्या गावाला एक ब्रॅकेट म्हणजे काय!

पोराच्या हौसेचं पण केलं, नियमात बसवून. हौद्याच्या कडेला पाईपच्या खोबणी बोल्टनं बसवल्या. त्यात लोखंडी कठडे उभे केले की जनावर नेता येतं. कठडे काढून तिथंच दोन मजली मांडणी लावली की उसाच्या रोपांचे ट्रे बसतात. दोन्ही काढलं की मोकळा हौदा, फाळका टाकून शेणखत भरा. वायरिंग सगळं नवीन, प्रत्येक लाईनला फ्यूज, हेडलाईटला रिले. सीटला पट्टे बसवले, ते जुन्या गाडीला नव्हते. रंग तोच हिरवा ठेवला, कारण आरसीवर तोच आहे.

खर्च लिहितो, लपवायचं कशाला. इंजिन आणि पंप ४८ हजार, गिअरबॉक्स-डिफरन्शियल १७, ब्रेक आणि पाटे २१, पत्राकाम-रंग-कठडे ३९, वायरिंग-बॅटरी १४. एकूण १ लाख ३९ हजार. फेब्रुवारी २०२१ ला फिटनेस झालं.

जुलै २०२१ ला पाणी परत आलं, २०१९ पेक्षा पण वर. या वेळी इशारा ऐकला तसे कठडे लावले. रस्त्यावर पाणी यायच्या आत चार खेपा झाल्या, एका खेपेला दोन जनावरं. आमची पाच, शेजारच्यांची तीन. पाचव्या खेपेला वैरण आणि धान्याची पोती. पोरगंच चालवत होतं. एकही जनावर गेलं नाही.

आता लोक म्हणतात, विंटेज म्हणून ठेवा, किंमत येईल. २०२१ च्या नियमाप्रमाणं विंटेज म्हणजे ५० वर्षांवरची गाडी, मूळ रूपातली. आमची २०३६ ला ५० ची होईल. पण विंटेज म्हणून नोंद केली की तिला रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. मग आम्हाला ती कशाला पाहिजे? शोभेला गणपतीत मखर असतंय की.

माझी काळजी दुसरी आहे. पार्ट अजून मिळतात, न मिळाला तर ओतून घेता येतो. पण पंपाचा आवाज ऐकून कुठला नोझल चुकतोय ते सांगणारे कान कमी होत चाललेत. त्या चौदा महिन्यांत पोरगं दर रविवारी मामांच्या हाताखाली होतं. टॅपेट सेटिंग आता तो एकटा करतो, मामा नुसते खुर्चीवर बसून बघतात. गाडीपेक्षा मला त्याचं जास्त वाटतं.

कुणाच्या शेडात अशी पिकअप, जीप किंवा जुना ट्रॅक्टर उभा असेल तर भंगारवाल्याला हो म्हणायच्या आधी एकदा जुन्या मिस्त्रीला दाखवा. आरसी आणि चेसिस नंबर जुळतो का बघा, नंबर गंजला असेल तर आधी त्याचं बघा. आणि पावसाळ्याच्या तोंडाला करायला घेऊ नका, उसाचं बिल आलं की घ्या.

उद्या सकाळी उघडीप राहिली तर सोयाबीनची कोळपणी. फोटो टाकतो.