झाकण लागेल तेवढेच



गेल्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या सुटीत, आम्ही सहाजण वेलंकणीला जाऊन आलो. दादा, वहिनी, आम्ही नवरा-बायको, आमची लेक आणि आमच्या पॅरिशमधल्या आक्का. गाडीने गेलो म्हणण्यापेक्षा गाडीत राहिलो म्हणणे बरोबर होईल. दादांनी आपल्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या मागच्या सीटा काढून दोन्ही बाजूंना फळ्यांचे बाक ठोकून घेतले होते. दिवसा त्यावर बसायचे, रात्री त्यावरच अंथरायचे. बाकाखाली तांदूळ, पातेली, शेगडी, पाण्याचे कॅन. बेळगाव सोडल्यापासून अकरा दिवस हेच आमचे घर. रात्री मुक्काम एखाद्या चर्चच्या आवारात, नाहीतर पेट्रोल पंपावर.

निघताना वहिनींनी प्रत्येकाच्या हातात बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा दिला. "आठवण म्हणून काय घ्यायचं ते घ्या, पण ह्यात मावलं पाहिजे. झाकण लागलं नाही तर वस्तू खाली उतरणार." वहिनी हसत बोलल्या, पण त्यांचे हसत बोललेलेही आम्ही कुणी मोडत नाही.

आधी कंटाळा आला, मग मजा वाटू लागली. एरवी आपण यात्रेहून काय आणतो? लाइटची माळ लावलेले शंख-शिंपल्यांचे देव्हारे, तेलाच्या मोठ्या बाटल्या, शेजाऱ्यांसाठी किलोभर मिठाई. डबा हातात आल्यावर दुकानासमोर उभे राहून विचार करावा लागतो. लेकीने एक छोटी वही घेतली होती. रोज झोपण्यापूर्वी तिच्यात एक चित्र आणि दोन ओळी. चेन्नईला सेंट थॉमस माउंटच्या पायऱ्या तिने मोजल्या, आम्हीही मोजल्या. आकडे जुळले नाहीत, म्हणून दोन्ही लिहिले. वहिनी प्रत्येक मुक्कामाच्या बाजारातून एक चमचाभर मसाला कागदाच्या पुडीत घेत. दादांनी तर फक्त डिझेलच्या पावत्या जमवल्या. (त्या पावत्यांची शाई काही महिन्यांत उडून जाते. कुणाला ही हौस असेल तर गावाचे नाव आणि तारीख मागे पेनाने लिहून ठेवावी.) आमच्याकडे पवित्र चित्रे आणि दोन मेडल. चित्रे बायबलमध्येच ठेवली, म्हणजे डब्यातली जागाही वाचली.

चेन्नईला पाऊस लागला. सांथोमला संत थोमाच्या कबरीजवळ प्रार्थना करून आलो आणि दोन तास गाडीतच बसून राहिलो. धर्मशिक्षण शिकवणाऱ्याला रिकामी माणसे समोर दिसली की राहवत नाही. आम्ही सांगत बसलो, की यात्रेहून थोडेसे काही घरी नेण्याची चाल आपल्या श्रद्धेत फार जुनी आहे. इटलीत मोंझाच्या कॅथेड्रलमध्ये ६व्या शतकातल्या यात्रेकरूंच्या चपट्या कुप्या आहेत. कथील आणि शिशाच्या, तळहातात मावणाऱ्या. पवित्र भूमीतल्या स्थळांवरचे तेल त्यांत भरून आणत. व्हॅटिकनच्या संग्रहालयात त्याच काळातली एक लहान लाकडी पेटी आहे. झाकणावर आतल्या बाजूने प्रभू येशूच्या जीवनातले पाच प्रसंग रंगवलेले, आणि पेटीत पवित्र भूमीतले खडे आणि लाकडाचे तुकडे. कुठला खडा कुठला, ते काहींवर ग्रीकमध्ये लिहिलेले. "म्हणजे बिस्किटांचा डबाच," लेक म्हणाली. बरोबरच होते तिचे.

आणि मग मार्को पोलोचे सांगितले. १३व्या शतकाच्या अखेरीस तो ह्याच किनाऱ्याविषयी लिहितो, की संत थोमाला जिथे मारले तिथली माती यात्रेकरू घेऊन जातात आणि तापाने आजारी असलेल्याला त्यातली थोडी देतात. आक्का जपमाळ थांबवून ऐकत होत्या. "माती?" त्यांनी विचारले. "हो, माती," आम्ही म्हणालो.

दोन दिवसांनी वेलंकणीला पोहोचलो. बॅसिलिकेपासून मातेच्या तळ्याकडे जाणारी जी वाळूची वाट आहे, तिच्यावरून लोक नवस फेडायला गुडघ्यांनी जातात. आक्का सत्तरीच्या, गुडघे जवळपास गेलेले. त्या अनवाणी, जपमाळ म्हणत, थांबत थांबत चालल्या. आम्ही दुकानांकडे गेलो. संध्याकाळी परत आलो तर आक्का गाडीच्या पायरीशी बसल्या होत्या आणि शेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत त्या वाटेची वाळू. दोन-तीन किलो तरी असेल, ओली.

"आक्का, हे कुठं ठेवायचं?"

"माझ्या पायाशी ठेवीन की."

"अहो, वाळू ती वाळू. आपल्या नदीलाही आहे. आणि डब्याचा नियम सगळ्यांनाच." एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण आम्ही प्रभूचेही नाव घेतले. शिष्यांना पाठवताना त्याने झोळीसुद्धा घेऊ नका म्हणून सांगितले होते, याची आठवण करून दिली. आक्का काही बोलल्या नाहीत. उठल्या, वाटेच्या कडेला गेल्या, पिशवी पालथी केली, झटकली, घडी घालून कमरेला खोचली.

आता जे लिहायचे ते लिहिले पाहिजे. त्या वेळी आमच्या बाकाखाली, तांदळाच्या पोत्यामागे, दोन फुटी माउलीची मूर्ती थर्माकोलच्या खोक्यात ठेवलेली होती. तासाभरापूर्वीच घेतली होती. पॅरिश हॉलसाठी आहे, स्वतःसाठी नाही, म्हणून तिला नियम लागू नाही, असे आम्ही आपसांत ठरवून टाकले होते. तिच्यासाठी पाण्याचा एक कॅन बाहेर, आक्कांच्या पायाशी ठेवला होता.

परतीच्या वाटेवर, सेलमजवळच्या एका पंपावर रात्रीचा मुक्काम होता. आक्का झोपल्यावर वहिनींनी आम्हांला बाहेर बोलावले. आक्कांचा मुलगा चार वर्षांपूर्वी वारला, हे आम्हांला माहीत होते. आमच्याच रविवारच्या वर्गात तो बसत असे, मागच्या बाकावर, सतत काहीतरी कोरत. माहीत नव्हते ते हे, की आईला गुडघे दुखायच्या आत वेलंकणीला नेईन, असे तो म्हणत राहिला आणि ते राहूनच गेले. आक्कांना ती वाळू त्याच्या कबरीवर घालायची होती. तो आला नाही, तर वाट त्याच्याकडे नेते, असे त्या वहिनींना म्हणाल्या होत्या.

त्या रात्री झोप लागली नाही. राजांच्या दुसऱ्या पुस्तकातला पाचवा अध्याय आम्ही कितीदा शिकवला आहे. नामान कोडातून बरा झाल्यावर अलीशाकडे काय मागतो? दोन खेचरांवर लादता येईल एवढी माती! सोने-चांदी देऊ करणारा सेनापती माती मागतो. अरामात माती नाही का, असे अलीशा विचारत नाही. देव मातीत बसलेला नाही, असे प्रवचनही देत नाही. शांतीने जा, एवढेच म्हणतो. वर्गात आम्ही हा भाग घाईने उरकतो. मुलांना यार्देनेतल्या सात बुड्या जास्त आवडतात, आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही.

मागे फिरणे शक्य नव्हते. वेलंकणी अडीचशेहून जास्त किलोमीटर मागे राहिले होते आणि दादांना सोमवारी भाडे होते.

सकाळी आमच्या लेकीने चटई झटकायला उचलली आणि ओरडली, "वाळू बघा किती!" सहा माणसांच्या पायांनी, चपलांनी, ओल्या कपड्यांनी आलेली. आम्ही दोघांनी सगळे सामान उतरवले. मूर्तीचे खोकेही उतरवले, सर्वांदेखत. आक्कांनी खोक्याकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, काही बोलल्या नाहीत. आम्ही त्यांची माफी मागितली. "असू दे की," त्या म्हणाल्या, पण थोड्या वेळाने. मग चटया वर्तमानपत्रावर झटकल्या, फळ्यांच्या फटी सुपारीच्या झाडूने कोरून काढल्या. मूठभर वाळू निघाली. तिच्यात मोहरी, केसांची पिन, तांदळाचे दाणे. आक्का उन्हात पेपर मांडीवर घेऊन बसल्या आणि तांदूळ निवडावे तशी त्यांनी ती वाळू निवडली. अमृतांजनची रिकामी बाटली धुऊन, सुकवून तिच्यात भरली. बाटली डब्यात ठेवून झाकण लावून पाहिले. लागले.

मूर्ती पॅरिश हॉलमध्ये आहे. उतरवताना तिच्या उजव्या हाताचे एक बोट तुटले, ते अजून लावायचे आहे.

२ नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या स्मरणदिनी, कबरींवर आशीर्वादाची प्रार्थना झाल्यावर आम्ही आक्कांबरोबर थांबलो. त्यांनी मेणबत्ती लावली, फुले ठेवली, बाटली उघडली आणि कबरीवर हलक्या हाताने वाळू सोडली. अर्धीच. मग झाकण लावून बाटली पिशवीत टाकली.

"उरलेली?" लेकीने विचारले.

"पुढच्या वर्षाला," आक्का म्हणाल्या. "चला, ऊन झालं."