देऊ आणि येईल

नोव्हेंबर २०२४च्या विधानसभा निवडणुकीत आम्ही दोघांनी, म्हणजे एकाच मराठी विभागातल्या दोन अध्यापकांनी, एक रिकामा उद्योग केला. पक्षांची आश्वासने संहिता म्हणून वाचून पाहिली. महायुतीने लाडक्या बहिणीचे १५०० रुपये २१०० करू म्हटले. तिजोरीवरच्या भाराबद्दल तोवर जाब विचारणाऱ्या महाविकास आघाडीने ३००० देऊ म्हटले. शेजारीच दोन्हीकडे शेतकऱ्यांची कर्जमाफी. पैसा कोठून येणार, याविषयी मात्र दोन्हीकडे मौन.

व्याकरणाच्या माणसाला यात एक गंमत दिसते. खर्चाचे क्रियापद नेहमी 'देऊ', 'करू'. कर्ता 'आम्ही', ठळक आणि हसतमुख. कराची वेळ आली की 'आकारण्यात येईल', 'प्रस्तावित करण्यात येत आहे'. कर्ता वाक्यातून निघून जातो.

हे नवे नव्हे. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर होती. २००४च्या निवडणुकीआधी शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली, आघाडी निवडून आली आणि २००५मध्ये ती वीज पुन्हा सशुल्क झाली. १० मार्च २०२५च्या राज्य अर्थसंकल्पात लाडक्या बहिणीसाठी ३६ हजार कोटींची तरतूद होती, महसुली तूट ४५ हजार कोटींहून अधिक, आणि २१०० कोठेच नव्हते. सीएनजी मोटारींवरचा कर मात्र एका टक्क्याने वाढला. अर्थात 'प्रस्तावित करण्यात' आला.

इथवर आमचा उपहास निर्वेध चालला होता. मग आमचेच आठवले. आम्ही दोघेही १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत लागलेले. मार्च २०२३च्या संपात 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा आम्हीही घसा फुटेस्तोवर दिली. आणि फेब्रुवारी २०२५मध्ये केंद्राने प्राप्तिकराचे टप्पे बदलले, तेव्हा किती वाचले याचा हिशेब अध्यापक कक्षात सर्वांत आधी आम्हीच मांडला. त्या दोन वाक्यांमधले उभयान्वयी अव्यय कोणते असावे, हे आम्हांस अजून सुचलेले नाही. आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारी आमची माजी विद्यार्थिनी तेथे बसली होती. तिने तो हिशेब शांतपणे ऐकला. तिला ना पेन्शन, ना करपात्र उत्पन्न.

अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी चहा देताना मावशींनी विचारले, "सर, एकवीसशे कधी व्हायचे?"

"देतील," आम्ही म्हणालो. कोण, ते सांगितले नाही. आणि मावशींनी विचारलेही नाही.