गोंदाखालची फरशी

ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा माणसं तापतात आणि जुना गोंद मऊ पडतो. यातलं दुसरं मला गेल्या उन्हाळ्यात कळलं.

इंदरगंजातल्या आमच्या बैठकीत सासऱ्यांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा चिकटवून घेतला होता. इथल्या हातविणीच्या गालिच्यांना 2023 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते कुणी चिकटवत नाही. उचलावे, उन्हात झटकावे. आमचा कारखान्यातला रोल. कुबट वास मारू लागला म्हणून काढला, तर खाली सिमेंटची जुनी रंगीत फरशी, आणि तिच्यावर दातेरी पत्र्यानं ओढलेले पिवळट गोंदाचे पट्टे.

फरशी डागाळलेली दिसते म्हणून मी एवढी धडपडले नसते. पण त्या चिकट पट्ट्यांत मुंग्या अडकून मरत होत्या. घरात पाणी गाळून घ्यायचं, सूर्यास्ताआधी जेवायचं, आणि बैठकीत मात्र सापळा मांडून ठेवायचा! सासूबाईंना नीट दिसत नाही, त्या विचारायच्या, "अगं, हे काळं काळं काय गं?" मी म्हणायची, "कचरा आहे, आई." तोवर मी सगळीकडे टाल्कम पावडर भुरभुरवली. त्यानं चिकटपणा मरतो आणि मुंगी सुखरूप जाते.

मिस्तरी म्हणाला, तेजाब टाका, नाहीतर वरून नवी टाइल बसवू. दोन्हीला मी नाही म्हटलं. तेजाबानं रबरी गोंद जात नाही, फरशी मात्र जाते. ही फरशी भट्टीत भाजलेली नसते. सिमेंट, संगमरवराची पूड आणि रंग दाबयंत्रात दाबून पाण्यात मुरवलेली असते. (मुंबईच्या भारत फ्लोअरिंग टाइल्सनं 1922 पासून स्वदेशी म्हणून बनवली, ती हीच जात.) रंगाचा थर जेमतेम काही मिलिमीटरचा, आणि आम्लानं तोच आधी फसफसतो. नवी टाइल म्हणाल तर रबरी गोंदावर ती नीट धरत नाही. शिवाय जमीन बोटभर उंच झाली की आई उंबऱ्यापाशी अडखळणार.

काम थंडीवर टाकलं. इथली थंडी कडक. गोंदही कडक होतो, मुंग्याही कमी. आधी एका कोपऱ्यात गरम पाणी टाकून पाव तास थांबले. पांढरा गोंद असता तर दुधाळ होऊन सुटला असता, साबणावर भागलं असतं. आमचा ढिम्म. तुमच्याकडे काळा डांबरी निघाला तर कोरडा घासू नका. तसल्या जुन्या गोंदात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ छातीत जाते.

मग पुट्टीची पत्र्याची पट्टी आडवी धरून खरवडायचं. खपली उडाली तर ठीक, नाहीतर केस वाळवायच्या यंत्रानं ऊब द्यायची. उरलेल्या चिकटीवर तारपिनात ओलावलेलं फडकं ठेवून वर प्लॅस्टिक, वीस मिनिटं. ओतायचं नाही; सिमेंट ते पिऊन टाकतं आणि डाग खोल जातो. फडकं ठेवण्याआधी मऊ कुंच्यानं सांधे झाडून जीवजंतू बाजूला करायचे. खिडक्या उघड्या, जवळपास दिवा नाही, गॅस नाही. शेवटी साबणाचं पाणी. भिजलेली फडकी बाहेर पसरून वाळवायची, बोळा करून ठेवली तर आपोआप तापून पेटू शकतात.

बारा बाय चौदाची खोली, आठ इंची 378 फरशा. रोज दहा. गुडघ्याखाली जुनी उशी.

आई शेजारी खुर्ची टाकून बसायच्या. एकदा अनवाणी पाय मोकळ्या फरशीवर फिरवत म्हणाल्या, "इथं तांबडं फूल आहे ना?" होतं. मी विचारलं, एवढी आवडती होती तर गालिचा कशाला चिकटवू दिला?

"मला विचारलं कुठं होतं? शाळेतून आले तेव्हा माणसं गोंद ओतत होती."

तीस वर्षांत हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. हात तसाच चालू ठेवला. त्या म्हणाल्या, "ते फूल नीट कर. घाई नको."

काचेच्या कपाटाखालचा एक पट्टा निघालाच नाही. तेल मुरून तिथं तपकिरी सावली राहिली आहे. परवा मुलगा म्हणाला, इथं एक छोटी सतरंजी टाकू या. आईंनी काठी आपटली.